रोही आणि रानडुकराचं भांडण: वऱ्हाडी कार्टूनमधे शब्दांची अदलाबदल आणि टायमिंग कसं बसवावं?

पळसफूल (प्रश्न)

'रॅबिट सीझनिंग' (1952) मधे ससा आणि बदक शिकाऱ्यासमोर भांडतात आणि बदक दरवेळी स्वतःच्याच बोलण्यात अडकतं, तशा बांधणीची दीड मिनिटाची फिल्म वऱ्हाडीत करायची आहे. नक्कल नको, जनावरं आणि भांडण आपलंच हवं. गोष्ट एवढी ठरली आहे: हरभऱ्याचं वावर, रात्रीची जागल, मचाणावर गोफण घेऊन जागल्या. खाली रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर, हरभरा कोणी खाल्ला यावरून एकमेकांवर ढकलत आहेत.

सामान: एक ॲन्ड्रॉइड फोन, स्टॉप मोशन स्टुडिओ ॲप (एकेक फोटो जोडून फिल्म करणारं), जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची कटआउट, 9 वॅटचे दोन एलईडी बल्ब. काम करणारी पोरं 11 ते 14 वर्षांची, हाताशी आठ दिवस.

वीस सेकंदांचा नमुना काढला, त्यात तीन गोष्टी बिघडल्या. इंग्रजीतली ती सर्वनामांची गंमत मराठीत आणली की सपाट होते. संवाद भरभर म्हटले तरी भांडण रेंगाळल्यासारखं वाटतं आणि ढेकूळ लागतं तिथे कोणी हसत नाही. शिवाय चित्र सारखं उजळतं-काळवंडतं. कोणत्या टोकापासून दुरुस्त करावं?

आलेखवही

ताई, सुरुवात भाषेपासून करा. आवाज पक्का झाल्याशिवाय एकही फोटो काढू नका.

त्या कार्टूनमधली युक्ती अशी आहे. बदक रागात असतं, त्यामुळे ससा जे सर्वनाम बोलतो तेच पकडून ते उलटं फेकतं. 'त्याला' आणि 'तुला' यांच्या जागा ससा मधेच बदलतो, बदक त्या ओघात 'मला' म्हणून बसतं आणि गोळी खातं. पुढे बदकाला घोटाळा सर्वनामांत आहे हे समजतं, तरी ते पुन्हा तिथेच फसतं. गंमत त्या 'तरी'त आहे. इंग्रजीत हे घसरणं सोपं, कारण सर्वनाम बदललं तरी बाकीचं वाक्य बहुतेक तसंच राहतं.

प्रमाण मराठीत क्रियापद चुगली करतं. 'मी खातो', 'तू खातोस', 'तो खातो': माणूस बदलला की शेपूट बदलतं आणि ऐकणारा सावध होतो. भूतकाळातही 'तू खाल्लास' मधला 'स' आडवा येतो. वऱ्हाडीत तो 'स' नाही. 'म्या खाल्ला', 'तुनं खाल्ला', 'त्यानं खाल्ला', तिन्हीकडे 'खाल्ला' जसाच्या तसा. म्हणून सगळं भांडण भूतकाळात ठेवा आणि शुद्ध मराठीत नेऊ नका. वर्तमानकाळ आला की 'मी खातो' आणि 'तो खाते' वेगळे पडतात, घसरगुंडी तिथेच थांबते.

'हरभरा' पुल्लिंगी आहे, तो शेवटपर्यंत कर्म म्हणून धरून ठेवा. मधेच कोणी 'पीक' म्हटलं तर 'खाल्लं' होईल आणि लय तुटेल. पोरं पाठ करताना ही चूक हमखास करतात.

बोरीचा पार

आलेखवही भाऊ बरोबर सांगून राह्यले, पन निव्वळ 'म्या-त्यानं' वर दीड मिनिट निघत नाई. ते एकदाच वापरा, सुरवातीले. त्याच्या पुढं वऱ्हाडीतलाच दुसरा शब्द घ्या: तास. वावरातली ओळ म्हंजे तास, अन् घड्याळातला तास बी तासच.

पहिल्या शॉटमधे उकरलेले सात तास दिसू द्या, म्हंजे पाहनाऱ्याले ठावं राहते का डुक्कर कायच्या गोष्टी करून राह्यलं. मंग हे असं:

रोही: डुकराच्यानं कायचं होते, मालक? तीन तासात थकते ते.
डुक्कर: कोन थकते? सात तास उकरले म्या, सात!
जागल्या: सात तास? अन् मी कुठं होतो?
रोही: तुमी झोपले होते म्हनते, मालक.
डुक्कर: हो! सात तास!

जागल्याले वाटते, हे मले झोपलो म्हनून राह्यलं. गोफन तिथंच फिरते. डुकरानं कबूल केलं ते येगळंच, अन् मार भेटला तो येगळ्याच कारनानं. डुक्कर खोटं एक शब्द बोललं नाई, हे ध्यानात ठेवा. ते खोटं बोललं तर मजा गेली. त्याले आपल्या कामाचा अभिमान हाये, रोही फक्त त्या अभिमानाले बोट लावते.

रोह्याचा आवाज कधीच चढवू नोका. 'मालक' म्हनतानी तर आनखी खाली घ्या. डुकराच्या तोंडी 'बे' येऊ द्या, रोह्याच्या तोंडी येऊ देऊ नोका. दोघाईतला फरक तेवढ्यानंच कळते.

काजवा7

टॉम अँड जेरीचा साचा घेतला तर जास्त सोपं नाही का पडणार? संवादच नको. डिस्नेच्या या जुन्या फिल्ममधे पाठलागच जास्त चालतो.

आलेखवही

काजवा, यातलं काहीच डिस्नेचं नाही. टॉम अँड जेरी एमजीएमचं, हॅना आणि बार्बेरा या जोडीनं 1940 साली सुरू केलेलं. 'रॅबिट सीझनिंग' वॉर्नर ब्रदर्सचं. दिग्दर्शन चक जोन्स, कथा मायकेल माल्टीज. त्यांच्या तीन फिल्म एकाच भांडणावर आहेत: 'रॅबिट फायर' 1951 ची, मग ही 1952 ची आणि 'डक! रॅबिट, डक!' 1953 ची. ताई, तिन्ही लागोपाठ पाहा, पण दुसऱ्यांदा आवाज बंद करून. कोण किती हलतं ते तेव्हाच दिसतं.

पाठलाग सोपा वाटतो, पण कटआउटमधे पळणं हेच सर्वात अवघड काम. चार पायांच्या जनावराची धाव पुठ्ठ्यात बसवायला आठ दिवस त्यातच जातील. भांडणात जनावरं उभी असतात. पोरांसाठी हाच साचा बरा.

बारा चौकटी

टायमिंगचं सांगतो. नमुना रेंगाळण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: दोन वाक्यांमधली फट सगळीकडे सारखी असते. संवाद कितीही भरभर म्हटला तरी प्रत्येक वाक्यानंतर अर्धा सेकंद गेला की कान त्याला सवाल-जवाब समजतो, भांडण नाही.

सिनेमाचा वेग सेकंदाला 24 फ्रेम. ती कार्टून साधारण सात मिनिटांची, म्हणजे दहा हजारांच्या वर फ्रेम. पण एक चित्र दोन फ्रेम धरायची जुनी रीत आहे, तेव्हा सेकंदाला 12 चित्रं पुरतात. ॲपमधे 12 लावा. दीड मिनिटाची 1080 चित्रं होतील. त्यातली निम्म्याहून जास्त थांबलेली असतील, म्हणजे तोच फोटो पुन्हा. साडेचारशे-पाचशे फोटोंत काम भागतं, रोज चार तास बसलात तर सहा दिवसांचं.

गणिताची चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे एक चित्र, 12 चौकटींनंतर लाल रेघ. पहिल्या ओळीत आवाज: कोणतं अक्षर कोणत्या चौकटीत येतं ते. दुसऱ्या ओळीत डुक्कर, तिसरीत रोही, चौथीत जागल्या. आवाज संगणकावर ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमधे उघडला की प्रत्येक शब्दाची वेळ दिसते, तिला 12 नं गुणलं की चौकट मिळाली.

आता फटी. भांडण सुरू होतं तेव्हा दोन वाक्यांत 4 चित्रांची फट. चढत जाईल तशी 3, 2, 1. 'हो! सात तास!' आधीच्या शब्दाला चिकटलेलं, फट शून्य. आणि त्याच्यानंतर पूर्ण 12 चित्रं शांतता. कोणी हलायचं नाही, फक्त जागल्याची बुबुळं सहाव्या चित्राला डुकराकडे वळतात. हशा इथे पिकतो. ढेकूळ लागल्यावर हसू यावं असं वाटत असेल तर त्याच्या आधीची ही जागा रिकामी पाहिजे, नाहीतर पाहणाऱ्याला काय होणार हे ओळखायला वेळच मिळत नाही.

माराचा हिशोब: गोफण फिरवणं 8 चित्रं, ढेकूळ चौकटीबाहेर वर निघून जातं 2 चित्रं, मग काहीच नाही 7 चित्रं, मग धप्प. जोन्स यांच्या रोड रनर कार्टूनमधल्या कोयोटच्या पडण्याचं प्रसिद्ध गणित असंच आहे: दरीत दिसेनासा व्हायला 18 फ्रेम आणि त्यानंतर 14 फ्रेमनी आदळणं. 24 च्या हिशोबातल्या 14 म्हणजे तुमच्या 12 च्या हिशोबात 7. पाच केलं तर घाईचं वाटतं, दहा केलं तर लोक ढेकूळ विसरतात. सातच्या एक मागे-पुढे करून पाहा, फोटो एकच असल्यामुळे फुकटात बदलतं.

धप्प झाल्यावर एका चित्रापुरतं डुकराचं चेपलेलं कटआउट ठेवायचं, वेगळं कापलेलं, उंची तीन-चतुर्थांश आणि रुंदी थोडी जास्त. एकच चित्र. दोन ठेवली तर कागद बदलल्याचं दिसतं. पुढच्या चित्रात नेहमीचं डुक्कर आणि डोक्यावर ढेकूळ. मार तीनदा आहे असं धरतो: पहिल्यांदा ढेकूळ आख्खं बसतं, दुसऱ्यांदा दोन फाका, तिसऱ्यांदा नुसता धुरळा. ढेकळाला खऱ्या काळ्या मातीची पूड गोंदावर चिकटवा, रंगवलेल्यापेक्षा उजेड छान धरते.

एक वेळी एकच जण हलतो. डुक्कर बोलतं तेव्हा रोही पुतळा. दोघंही हलले की नजर कुठे ठेवावी कळत नाही, आणि तुमचं कामही दुप्पट.

रानवाट

जनावरांबद्दल थोडं, कारण गावातली माणसं चूक लगेच पकडतील. रोह्याचे खांदे उंच आणि पाठ मागे उतरती. पाठ सरळ कापली की तो घोडा दिसतो. मोठा नर निळसर राखाडी, शिंगं आखूड आणि सरळ, गळ्यावर पांढरा पट्टा आणि त्याखाली केसांचा झुपका. मादी भुरी, बिनशिंगाची. डुकराच्या मानेपासून पाठीवर ताठ केसांची आयाळ असते, तिच्यासाठी जुन्या ब्रशचे केस चिकटवा.

दोघांचं नुकसान करणं वेगळं असतं, ते गोष्टीत वापरता येईल. डुक्कर सोंडाळ्यानं माती उकरत जातं. रोही वरून शेंडे आणि घाटे खातो, मातीला हात लावत नाही. म्हणजे जागल्यासमोर दोन्ही पुरावे पडलेले आहेत, उकरलेले तास आणि खुडलेले शेंडे, पण त्याचं लक्ष फक्त मोठ्यानं बोलणाऱ्याकडे. खुरंही वेगळी उमटतात. दोघांचा खूर दुभंगलेला, पण ओल्या मातीत डुकराच्या मागच्या दोन लहान नख्याही बहुधा दिसतात.

सगळ्यात कामाची गोष्ट: रोही रवंथ करतो, डुक्कर करत नाही. रोह्याच्या खालच्या जबड्याचा वेगळा तुकडा कापा आणि तो सगळा वेळ सावकाश आडवा फिरवत राहा. सहा चित्रांचं एक चक्र: डावीकडे दोन, मधे एक, उजवीकडे दोन, मधे एक. एक जण हलताना दुसरा पुतळा, या नियमाला हा एकच अपवाद करा. आणि ती 12 चित्रांची शांतता येईल तेव्हा रवंथ थांबवा. ढेकूळ पडलं की पुन्हा सुरू. त्याचा शांतपणा आणि लबाडी दोन्ही त्या जबड्यात दिसतात.

पळसफूल

फार मोठं काम झालं. 'तास' घेतेच आहे. आता उजेडाचं आणि आवाजाचं. काम टिनाच्या खोलीत आहे, वर कूलर. टिनामुळे आवाज घुमतो. आणि तोंडं किती कापायची?

दोन बल्ब

आधी कूलर बंद. वाऱ्यानं कटआउट सरकतात हे दिसतं तरी, पण खरा त्रास ओलाव्याचा आहे. कूलरच्या दमट हवेत लग्नपत्रिकेचा पुठ्ठा तासाभरात कडांनी वळतो, कडेची सावली हळूहळू मोठी होते आणि फिल्ममधे जनावर श्वास घेतल्यासारखं फुगताना दिसतं. उन्हाळ्यात काम सकाळी सहा ते दहा करा. वरून 4 मिमीची काच दाबायला ठेवली तर कागद सपाट राहतो. काचेत फोनचं प्रतिबिंब दिसतं, म्हणून फोनच्या खाली काळा कागद लावून भिंगापुरतं भोक पाडा.

फोन बांधायचं साधं: दोन सारख्या उंचीच्या विटांच्या चळती, त्यावर फळी, फळीला भिंगाएवढं भोक, फोन पालथा. कागदापासून साधारण 40 सेंमी उंचीवर ए-थ्री आकाराचा कागद नेहमीच्या भिंगात मावतो. रुंद भिंग वापरू नका, कडेची जनावरं ताणली जातात. फोटो काढताना फोनला हात लावायचा नाही. इयरफोनच्या आवाजाच्या बटणानं फोटो निघतो का ते पाहा, नाहीतर ॲपमधला टायमर लावा.

उजळण्या-काळवंडण्याची कारणं चार आहेत आणि तुमच्याकडे एकापेक्षा जास्त असतील. पहिलं, फोन दर फोटोला स्वतःच उजेड ठरवतो. ॲपमधे फोकस, एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा. दुसरं, वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. शटर हातानं ठरवता येत असेल तर 1/50 सेकंद ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटोत दोन लुकलुक पूर्ण येतात. 1/80 किंवा 1/125 वर पट्टे पडतात. तिसरं, शेतीपंप सुरू झाले की बऱ्याच गावांत दाब पडतो आणि बल्ब मंद होतो. पंपांची वेळ टाळा किंवा बॅटरीवरचे दिवे घ्या, तेही सगळा शॉट होईपर्यंत पुरतील असे. चौथं कोणाच्या लक्षात येत नाही: फोटो काढणाऱ्याचा पांढरा सदरा. तो पुढे वाकला की कागदावर उजेड वाढतो. गडद कपडे घाला आणि दर फोटोला त्याच जागी मागे सरका.

खिडकीला पोतं लावा. ढगाचा उजेड आणि बल्बचा उजेड एकत्र नको. बल्ब दोन्ही बाजूंनी 45 अंशांत, काचेपासून सारख्या अंतरावर. रात्र दाखवायची म्हणून उजेड कमी करू नका, पार्श्वभूमीचा कागदच गडद निळा घ्या. अंधारात काढलेला फोटो दाणेदार येतो.

बोरीचा पार

आवाजासाठी टिनाची खोली सोडा. गावात कोनाच्या घरी कापूस भरून ठेवला असंन तर त्या खोलीत रेकॉर्डिंग करा. कापसाची गंजी आवाज गिळून टाकते. तिथं चूल, उदबत्ती, तापनारा बल्ब कायबी नेऊ नोका, मोबाईलच्या बॅटरीवर काम करा. कापूस ईकला असंन तर दोन खाटा उभ्या करून वरून तीन-चार गोधड्या टाका अन् आत बसा. पंखा बंद, फोन एरोप्लेन मोडवर.

फोन तोंडासमोर नोका धरू, एक वीत दूर अन् थोडा बाजूले धरा. 'फ', 'भ', 'ध' ची फूक सरळ माइकवर गेली का फाट-फाट येते.

आलेखवही

ससा आणि बदक दोघांचाही आवाज मेल ब्लँक या एकाच माणसाचा होता, शिकाऱ्याचा आर्थर क्यू. ब्रायनचा. तेव्हा तुमच्याकडे एकच चांगला पोरगा असेल तरी चालेल. आधी रोह्याची सगळी वाक्यं सलग म्हणवून घ्या, मग डुकराची. आळीपाळीनं म्हटलं की दोन्ही आवाज एकमेकांकडे सरकतात, तिसऱ्या वाक्याला रोहीही चिडलेला वाटतो. फटी नंतर वहीप्रमाणे कापून बसवता येतात. प्रत्येक वाक्य तीनदा घ्या.

तोंडं: डुकराला पाच. बंद ('म', 'ब', 'प' साठी), पूर्ण उघडं 'आ', रुंद 'ए-ई', गोल 'ओ-उ' आणि दातावर ओठ 'व-फ'. बाकी अक्षरं अर्धवट उघड्या 'ए' वर जातात. 'सात तास' मधे दोनदा 'आ' आहे. दोन्ही वेळा तेच मोठं तोंड लावा, मधल्या 'त' ला एक चित्र दात दाखवा. तोंड आवाजाच्या एक चित्र आधी उघडलं पाहिजे. बरोबर जुळवलं तरी उशिरा वाटतं, आणि नंतर उघडलं तर सरळ चूक दिसते. रोह्याला तोंडं नकोतच. रानवाट यांनी सांगितलेला जबडाच पुरे, फक्त बोलताना चक्र तीन चित्रांचं करा.

सांधे टिचबटणानं जोडले तर घट्ट राहतात, पण उजेडात चमकतात. ते मागच्या बाजूनं लावा आणि पुढे कागदाची टिकली. जागल्याचा गोफणीचा हात खांद्यात आणि कोपरात, दोनच ठिकाणी मोडू द्या. मनगटाला सांधा दिला की पोरं दर चित्राला तो हलवतात आणि हात थरथरतो.

बारा चौकटी

आवाजाचं एक राहिलं. रात्रीचे रातकिडे मिनिटभर स्वच्छ रेकॉर्ड करा आणि सगळ्या फिल्मखाली बारीक घाला. ढेकूळ वर गेल्यावरच्या त्या 7 चित्रांत रातकिडे पूर्ण बंद. धप्प वाजल्यावर लगेच सुरू करू नका, 10 चित्रं जाऊ द्या. धप्पसाठी वाळलेलं ढेकूळ कमरेच्या उंचीवरून भरलेल्या पोत्यावर टाकलं की मऊ, जड आवाज येतो. फरशीवर टाकलं तर फुटल्याचाच आवाज येतो, लागल्याचा नाही.

शेवट काय ठरवला आहे? तिसऱ्या मारानंतर भांडण थांबायला कारण हवं.

पळसफूल

तिसऱ्या मारानंतर डुक्कर पळून जातं आणि रोही हरभऱ्यात शिरतो, असा आहे सध्या. थोडा पडतो.

बोरीचा पार

जागल्याच हुळा भाजून खाऊन राह्यला असं करा ना ताई. जागलीवर हरभऱ्याचा हुळा कोन भाजत नाई? पहिल्याच शॉटमधे मचाणाखाली इस्तू अन् घाट्याच्या टरफलाचा ढीग दिसू द्या, पन कोनी त्याच्याबद्दल बोलू नोका. शेवटी डुक्कर आडवं पडते अन् त्याचं तोंड नेमकं त्या ढिगाजवळ येते. ते एक टरफल उचलते, वर पाहते. रोह्याची रवंथ थांबते, तोही वर पाहते. जागल्याचे गाल फुगलेले.

बारा चौकटी

हेच घ्या. ढीग पहिल्या शॉटमधे उजव्या खालच्या कोपऱ्यात, 24 चित्रं तरी दिसला पाहिजे. त्याच्यावर इस्तवाचा नारंगी कागदाचा तुकडा दर तिसऱ्या चित्राला किंचित फिरवा, म्हणजे नजर एकदा तिकडे जाईल आणि नंतर विसरेल. शेवटी दोघं वर पाहतात तिथे 12 नको, 18 चित्रं थांबा. रातकिडे चालू. मग जागल्या एकदाच चावतो, 'कुर्रम', आणि अंधार. गालाचा फुगवटा वेगळ्या तुकड्यावर कापा, चावताना तो दोन चित्रांत बसतो. भाजलेले घाटे माइकपासून एक वीत अंतरावर चावून आवाज घ्या. कच्चे हिरवे चालणार नाहीत, ते वाजत नाहीत.